शिक्षणशास्त्र मायनर घेणाऱ्यांसाठी

बी.ए.ला इतिहास मेजर (मुख्य विषय) घेऊन मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या, रकान्यात मी शिक्षणशास्त्र भरले, तेव्हा गुणपत्रिकेवर हा विषय दिसला की शाळेत नोकरी मिळेल, एवढाच माझा हिशेब होता. पदवीनंतर एका शाळेत मुलाखतीला गेले. मुख्याध्यापिकांनी गुणपत्रिका लक्षपूर्वक वाचली, कौतुकही केले आणि विचारले, "बी.एड. कुठून केलंत?" मी गप्प बसले.

म्हणून स्पष्ट लिहिते : मायनर म्हणजे शिक्षक होण्याची पात्रता नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) मायनरच्या वाट्याला २४ येतात, बी.एड. मात्र दोन वर्षांचे असून त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळांशी निगडित कामात जातात. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. बी.एड. झाल्यावरही सहावी ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागतेच, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका हवी. चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम हेही वेगळे आहेत. वर्षे सारखी म्हणून दोन्ही एकच, असे सांगणारे सीनियर मला भेटले होते आणि त्यांच्यावर मी विश्वास ठेवला, ही चूक माझीच.

तरीही मायनर वाया गेला, असे मला वाटत नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन मी या विषयामुळेच पहिल्यांदा मुळातून वाचले. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे दुर्लक्ष होते, ही त्यांची तक्रार वाचल्यावर माझ्या मेजरमधला ब्रिटिश काळही निराळा दिसू लागला. मात्र बाजारातल्या गाइडांवर हा विषय काढू नये. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्था पाठ करून गुण मिळतात, पण पाचवीच्या मुलाला अपूर्णांक का अडतो, हे मला एका शाळेत मागच्या बाकावर बसून तास पाहताना कळले. तसे बसू देणाऱ्या शिक्षिका मिळाल्या तर त्यांचा हात सोडू नका. विभागातल्या मार्गदर्शकांपेक्षा मी त्यांच्याकडून अधिक शिकले.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. बी.एड.ला अध्यापनपद्धती, म्हणजे कोणता शालेय विषय शिकवायला शिकायचे ते, निवडताना पदवीला कोणते शालेय विषय होते, हे पाहिले जाते. मायनरची जागा शिक्षणशास्त्राला दिल्यामुळे माझ्याकडे इतिहासाखेरीज शाळेत शिकवला जाणारा दुसरा विषय उरला नव्हता, आणि मला हवी असलेली भूगोलाची पद्धती मिळाली नाही. तेव्हा पदवीला मायनर निवडण्याचा अर्ज भरण्याआधी, जिथे पुढे प्रवेश घ्यायचा आहे त्या बी.एड. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन आपल्या विषयांवर कोणत्या पद्धती मिळतील, हे विचारून घ्या. तिथल्या लिपिकांनी मला जी माहिती पाच मिनिटांत दिली, ती तीन वर्षांपूर्वीही तितक्याच वेळात मिळाली असती.