विरजणापासून कढीपर्यंत: प्रोबायोटिकच्या बाबतीत या चुका टाळा

पोट बिघडलं की "दहीभात खा" असं घरोघरी सांगतात. सल्ला चांगलाच आहे. पण दह्यातले जिवाणू आतड्यापर्यंत जिवंत गेले तरच प्रोबायोटिक म्हणून, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत सूक्ष्मजीव म्हणून, त्यांचा उपयोग, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच स्वयंपाकघरात मरतात.

सुरुवात विरजणापासून. 1 लिटर दूध उकळून 40 ते 43 अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत मोजा. ऊब लागली पाहिजे, चटका नाही. म्हशीच्या दूधाची दाट साय फसवते: वर कोमट, तळाशी चांगलंच गरम. म्हणून आधी तळापासून ढवळा, मग बोट घाला. 50 अंशांच्या वर विरजणातले जिवाणू मरू लागतात आणि सकाळी भांड्यात दूध तसंच असतं. 1 चहाचा चमचा विरजण थोड्या दुधात घोटून मिसळलं की पुरे. लवकर लागावं म्हणून वाटीभर घातलं तर दही आंबट होतं, पाणी सुटतं.

सांगलीच्या मे महिन्यात पाच-सहा तासांत दही लागतं. लागल्या लागल्या फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर दुपारपर्यंत राहू देऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत तेच भांडं गोधडीत गुंडाळून दहा-बारा तास ठेवावं लागतं. दह्याला तार येऊ लागली तर विरजणात भलतेच जिवाणू शिरलेले असू शकतात. तेच विरजण पुढे चालवू नका, दुसरीकडून ताजं आणा. बुरशी किंवा गुलाबी डाग दिसला तर सगळं फेकून द्या, वरचा थर काढून भागत नाही.

कढी उकळली की जिवाणू संपले. ताक घालून उकळलेल्या आंबिलीचंही तेच. चव, प्रथिनं, कॅल्शियम मिळतं, प्रोबायोटिक नाही. त्यापेक्षा ताक-कण्या बघा: ज्वारीच्या कण्या शिजवून पूर्ण निवल्यावर वरून ताक घालायचं. जिवाणू जिवंत राहतात, शिवाय निवलेल्या कण्यांतला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य म्हणून मिळतो. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. कांदा, लसूण, कडधान्यं याच कामाची. मात्र एकदम वाढवलीत तर पोट फुगणारच, हळूहळू वाढवा.

फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं टेट्रा पॅकमधलं ताक तापवून निर्जंतुक केलेलं असतं. उन्हात प्यायला झकास, पण त्यात जिवंत काही नसतं. तेलामिठात मुरवलेलं कैरीचं लोणचंही प्रोबायोटिक समजून वाढून घेऊ नका.

घरच्या दह्याकडून औषधाची अपेक्षाही नको. त्यात कोणते जिवाणू, किती, हे ठरलेलं नसतं. औषधात प्रजाती आणि संख्या ठरलेली असते, आणि एका प्रजातीचा गुण दुसरीला लागू होत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंचं प्रोबायोटिक त्याच घोटाबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. सॅकरोमायसिस बोलार्डी ही प्रोबायोटिक म्हणून मिळणारी यीस्ट आहे, जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकने ती मरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिनची गोळी मात्र दही-दुधाबरोबर नको: कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं, ते नीट शोषलं जात नाही. प्रोबायोटिकची पूड गरम दुधात किंवा चहात ढवळणं म्हणजे पैसे उकळत्या पाण्यात टाकणं.

बॅसिलस क्लॉसी या प्रोबायोटिक जिवाणूच्या 5 मिलीच्या कुप्या इंजेक्शनच्या कुपीसारख्या दिसतात. त्या फक्त तोंडाने घ्यायच्या.

लहान मुलाला जुलाब लागले तर आधी ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच मिसळा. शौचात रक्त, ताप, लघवी कमी होणं, सुस्ती यापैकी काहीही दिसलं तर दही चाखवत बसू नका, दवाखाना गाठा. केमोथेरपी चालू असलेले, प्रतिकारशक्ती फार कमी असलेले रुग्ण आणि वेळेआधी जन्मलेली बाळं यांना डॉक्टरांना न विचारता प्रोबायोटिक देऊच नये. हेच जिवाणू त्यांच्या रक्तात शिरून संसर्ग करू शकतात.