कुरणात शेणखत टाकायची घाई नको, आधी भेगा बघा

कास्तकार भाऊंनो, सध्या हिंगणा म्हणा, काटोल म्हणा, उमरेड म्हणा, जिकडं जावं तिकडं ट्रॉल्या भरून शेणखत चाललंय, मिरगाच्या आधी टाकून मोकळं व्हायची घाई. कपाशीच्या वावराचं ठीक आहे, वखर मारला की खत मातीत मिसळतं. मी बोलतोय ते नेपिअरच्या (चाऱ्याच्या गवताच्या) प्लॉटचं आणि गवताच्या कुरणाचं, जिथं वखर फिरतच नाही, आणि ढोरांना दिलेलं औषध शेणासोबत भेगांतून विहिरीत उतरायची भीती असते.

गाईला दगडी (कासेची सूज) झाली, ताप आला की आपण ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिनचाच प्रकार), सल्फा नाहीतर एन्रोफ्लॉक्सासिन असं अँटिबायोटिक देतो, आणि त्यातलं बरंचसं जसंच्या तसं शेणामुतातून बाहेर पडतं. त्या दिवसांचं दूध डेअरीला द्यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक (पाळतात किती ते सोडा), पण शेण मात्र सरळ उकिरड्यावर.

आता मातीत काय होतं, तर टेट्रासायक्लिन आपल्या काळ्या मातीला घट्ट चिकटतं, वरच्या थरातच बसतं, दरवर्षी टाकत गेलं तर साठतं. सल्फाचं उलटं, ते मातीला फारसं धरत नाही, त्यात काळ्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास, तिथं ते अजूनच सुटं होतं आणि पाण्यासोबत चालायला लागतं. मग चिकटणारं औषध तरी बिनधास्त का? नाही ना राजेहो, कारण भेगा! नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) भेगेत कोपरापर्यंत हात जातो, पहिला जोराचा पाऊस पडला की शेणाचं पाणी मातीतून झिरपत नाही, भेगेतून धो धो खाली उतरतं, मातीला धरायला वेळच मिळत नाही, आणि टेट्रासायक्लिनसुद्धा शेणाच्या बारीक कणांवर बसून खाली जातं. विहीर तिथंच धुऱ्याला (बांधाला) असते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कुरणात खत टाकायचं तर दोन-तीन चांगले पाऊस होऊन भेगा मिटू द्या, मग उघडीप बघून पातळ थर द्या, विहीर-नाल्याकडची पट्टी सोडा. भेगा मिटल्या तरी गांडुळाची बिळं आणि मुळांच्या वाटा असतातच, त्यामुळे पातळ स्लरी एकदम ओतू नका.

औषध चालू असलेल्या ढोराचं शेण वेगळं ठेवा, इंजेक्शन बंद झाल्यावरही काही दिवस. त्यात कुटार (भुसा) मिसळून चार फुटी ढीग करा आणि पाणी मारत राहा, आपल्या उन्हात ढीग वरून वाळतो आणि आतून तापतच नाही, तिथंच सगळे फसतात. लोखंडी सळई खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर ५५ डिग्रीच्या पुढं गेलाय समजा. मग पलटी मारा, बाहेरचं आत घ्या, असं तीन-चारदा. यात टेट्रासायक्लिन बरंच मोडतं, एन्रोफ्लॉक्सासिन मात्र चिवट आहे, ते दिलेल्या ढोराचं खत कुरणापेक्षा वखर फिरणाऱ्या वावरात टाकलेलं बरं, आणि तेही विहिरीपासून लांबच्या.