स्पोर्ट्स कारचं अ‍ॅव्हरेज पडलंय? गॅरेज गाठायच्या आधी या चुका टाळा

स्पोर्ट्स कारवाल्याला कुणी अ‍ॅव्हरेज विचारलं की तो हसून विषय बदलतो, आणि रात्री साडेअकराला तोच माणूस ग्रुपवर मेसेज टाकतो की माझी लिटरला सहा किलोमीटरच्या वर जातच नाहीये, अजून कुणाला असं होतंय का. मग खाली पन्नास रिप्लाय, एक म्हणतो स्पार्क प्लग बदल, दुसरा म्हणतो इथेनॉलमुळे होतंय, तिसरा रिमॅपवाल्याचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याचा नंबर देतो. आणि गाडीला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, मोजणीच चुकलेली असते.

एवढी महाग गाडी घेतली मग पेट्रोलचं कशाला रडता, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना म्हणावं, पैशाचं सोडा, टाकी कुठपर्यंत पुरणार ते तरी कळायला नको का? समृद्धीवर ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे आणि पंप दर दहा मिनिटाला येत नाही. शिवाय इंजिनात काही बारीकसारीक बिघडलं तर कधी कधी चेक इंजिन लाइट लागायच्या आधी अ‍ॅव्हरेज पडायला लागतं, म्हणजे हा फुकटचा अलार्म आहे. फक्त तो नीट ऐकायला पाहिजे.

पहिली चूक: मोजायची पद्धतच गंडलेली

टाकी फुल ते टाकी फुल, याला पर्याय नाही. पण त्यातही लोक काय करतात, दहा लिटर जळलं की परत फुल करतात आणि हिशोब मांडतात. नोझल ऑटो कट कुठे होतो हे दर वेळी थोडं वेगळं असतं, गाडी जरा तिरकी उभी असली, पेट्रोल जोरात सोडलं आणि फेस आला, की लिटरभराचा फरक सहज पडतो. दहा लिटरवर एक लिटरची चूक म्हणजे थेट १० टक्के, तीच चूक चाळीस लिटरवर झाली तर अडीच टक्के. म्हणून टाकी बऱ्यापैकी खाली येऊ द्या, त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर जा, ट्रिप मीटर झिरो करा आणि पहिल्या ऑटो कटला थांबा. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, "सर, राउंड फिगर करू का?" तेव्हा नाही म्हणा. त्या राउंड फिगरच्या नादात दोन-तीन वेळा दाबून भरलेलं पेट्रोल तुमचा हिशोब तर बिघडवतंच, वर पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा जो कोळशाचा कॅनिस्टर असतो त्यात पेट्रोल शिरलं तर तो खराब होतो आणि तो काही स्वस्तात येत नाही. आणि एका टाकीवरून निकाल लावू नका, तीन-चार टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र बेरजेत घ्या.

एमआयडीवरचा, म्हणजे मीटरमधल्या छोट्या स्क्रीनवरचा आकडा चुकीचा असतो असं मी म्हणत नाही, पण बऱ्याच गाड्यांमध्ये तो जरा गोड बोलतो. त्यात स्कोडा-फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत तीन वेगवेगळे आकडे असतात, गाडी चालू केल्यापासूनचा, पेट्रोल भरल्यापासूनचा आणि लाँग टर्म. लोक स्क्रीनशॉट टाकतात तो पहिला, म्हणजे खंडाळ्यातून घाट उतरून खोपोलीला पोचल्यावर काढलेला, आणि मग अठरा-वीसचा आकडा बघून बाकीच्यांना आपली गाडी बिघडलीय असं वाटायला लागतं.

हे घाटाचं प्रकरण नीट समजून घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई जवळपास शून्यावर. सोळाशे किलोची गाडी एवढी वर चढवायची म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता धरून साधारण लिटरभर पेट्रोल निव्वळ चढाईत जातं, त्यामुळे पुण्याहून मुंबईला जाताना अ‍ॅव्हरेज छान आणि येताना वाईट हे होणारच. जाऊन-येऊन मिळून एकच आकडा काढा. तेच कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्याला उतरणाऱ्यांनाही लागू.

अजून एक गणिताची चूक, भले भले करतात. सिटीत ६ देते, हायवेला १४ देते, म्हणजे सरासरी १०. नाही हो! शंभर किलोमीटर सहाने गेलात तर १६.७ लिटर, शंभर किलोमीटर चौदाने गेलात तर ७.१ लिटर, एकूण दोनशे किलोमीटरला २३.८ लिटर, म्हणजे ८.४. सिटीतला वाईट आकडा सरासरीला जास्त खाली ओढतो, आणि यात गाडीचा काही दोष नाही.

दुसरी चूक: भलत्याच आकड्याशी तुलना

पुण्यात वेताळ टेकडीला कितीतरी लोक एआरएआय टेकडीच म्हणतात, पण तिथल्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेच्या लॅबमध्ये अ‍ॅव्हरेजचा सरकारमान्य आकडा कसा काढतात हे माहीत असणारे कमी. गाडी रोलरवर, ठरलेल्या पॅटर्नने चालवतात, आणि भारतीय ड्रायव्हिंग सायकलमध्ये टॉप स्पीड ९० च्या पुढे जात नाही. समोर रिक्षा आडवी येत नाही, चांदणी चौक येत नाही. युरोपातली अशीच डब्ल्यूएलटीपी नावाची टेस्ट १३१ पर्यंत जाते म्हणून तिचा आकडा जरा जमिनीवरचा वाटतो. म्हणजे एआरएआय खोटं बोलतं असं नाही, तो आकडा दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला आहे, तुमच्या ऑफिसच्या रस्त्याचं भाकीत करायला नाही.

मग यूट्यूब. इंग्लंडमधला माणूस सांगतो माझी ३० माइल्स पर गॅलन देते आणि अमेरिकेतलाही सांगतो माझी ३० देते, आणि आपण दोन्ही सारखंच धरतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. ब्रिटिश ३० म्हणजे आपले १०.६ आणि अमेरिकन ३० म्हणजे १२.८. केवढा फरक झाला बघा.

आणि कुठल्याही स्पोर्ट्स कारचा "एक" आकडा नसतोच. २०१४ ची शेव्हरले कॉर्व्हेट घ्या, ६.२ लिटरचं व्ही८, मॅन्युअल गिअरबॉक्स. अमेरिकन सरकारी रेटिंग सिटीत १७ आणि हायवेला २९, म्हणजे आपल्या भाषेत ७.२ आणि १२.३. तेच इंजिन, तीच गाडी. सातवा गिअर इतका लांब की हायवेला इंजिन आळोखेपिळोखे देत चालतं, वर हलक्या लोडवर आठातले चार सिलिंडर बंद. उलट माझदा मिआटा, दोन लिटरची हलकी गाडी, तिचे २६ आणि ३४, म्हणजे ११ आणि १४.५. इंजिन एक तृतीयांश पण हायवेला फरक जेमतेम दोनचा. मोठ्या इंजिनाची गाडी मार खाते ती सिग्नलला, एक्स्प्रेसवेवर नाही. म्हणून कुणी विचारलं की अमुक गाडी किती देते, तर आधी विचारा कुठे चालवणार.

तिसरी: पाय

स्पीडचं गणित सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण त्याचा आकार डोक्यात बसलेला नसतो. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून १४० वर गेलात तर स्पीड वाढला ४० टक्के आणि हवेचा विरोध जवळपास दुप्पट. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लिमिट १०० आहे, ते चलनासाठी पाळा की अ‍ॅव्हरेजसाठी, मर्जी तुमची. टोकाचं उदाहरण बुगाटी वेरॉनचं, फुल स्पीडला शंभर लिटरची टाकी साधारण १२ मिनिटांत रिकामी, म्हणजे लिटरला एक किलोमीटरही नाही.

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाड्यांमध्ये अजून एक गोष्ट असते जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पाय पूर्ण दाबून ठेवला की टर्बो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतात, आणि त्यांना वाचवायला बऱ्याच इंजिनांमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, ते जादाचं पेट्रोल ताकदीसाठी नसतं, निव्वळ थंड करायला असतं. म्हणून छोटं टर्बो इंजिन शांत चालवलं तर १६ आणि मस्ती केली तर ७, असा एवढा मोठा पल्ला दाखवतं. फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआयमध्ये तर हलक्या पायाला चारातले दोन सिलिंडर बंद पडतात, म्हणजे दोन्ही टोकं अजूनच लांब. ही गाडी बिघडलेली नाहीये, ती तुम्ही मागितलं तेवढंच देतेय.

घाट उतरताना न्यूट्रल करणारे अजूनही आहेत आणि मला खरंच आश्चर्य वाटतं. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. म्हणजे धोका पण पत्करायचा आणि पेट्रोल पण जास्त जाळायचं, हा कुठला हिशोब?

रविवारी सकाळी लोणावळ्याला ग्रुप ड्राइव्ह असते तेव्हा वीस गाड्या इंजिन चालू ठेवून चहाच्या टपरीबाहेर उभ्या असतात, एग्झॉस्टचा आवाज ऐकवायला. मोठं इंजिन, एसी चालू, उभ्या उभ्या तासाला दीड-दोन लिटर जाऊ शकतं आणि किलोमीटर शून्य. रोज बाणेर ते औंध तीन किलोमीटर जाणाऱ्यांचंही तेच, इंजिन गरम व्हायच्या आत पार्किंग येतं, गार इंजिन जास्त पेट्रोल पितं. अशा वापराला ५-६ आलं तर ते नॉर्मल आहे.

ई२० ला किती शिव्या द्यायच्या

जेवढ्यास तेवढ्या. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधी जे ई१० (१० टक्के इथेनॉलवालं) मिळत होतं त्याच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तुमचं १० चं ९.६ झालं असेल तर ठीक, ई२० वर ढकला. पण १० चं ७ झालंय आणि तरी तुम्ही इथेनॉल इथेनॉल करत बसलात तर खरा बिघाड तसाच राहील. जुनी गाडी असेल तर रबराचे पाइप, सील वगैरे ई२० ला चालतात का हे मॅन्युअलमध्ये बघा, तो प्रश्न अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठा आहे.

ऑक्टेनचं, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटू नये यासाठीच्या नंबरचं म्हणाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, तो वाचा. तिथे ९५ किंवा ९८ लिहिलंय आणि तुम्ही त्यापेक्षा कमी भरताय, तर नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लावतो, पॉवर पण जाते आणि अ‍ॅव्हरेज पण. पण ज्या गाडीला गरजच नाही तिच्यात १०० ऑक्टेन ओतून अ‍ॅव्हरेज वाढेल आणि पैसे वसूल होतील, हा गैरसमज आहे.

टायर बदलले, रिमॅप केला, आणि आता अ‍ॅव्हरेज पडलं

खड्ड्यात टायरला फुगा येतो म्हणून बरेच जण जाड प्रोफाइलचे टायर टाकतात, ते शहाणपणाचंच आहे. पण २२५/४० आर१८ च्या जागी २३५/४५ आर१८ टाकलात तर टायरचा व्यास ६३७ मिलिमीटरवरून ६६९ वर जातो, म्हणजे जवळपास ५ टक्के मोठा. चाक तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापतं पण ओडोमीटरला ते माहीत नाही, तो शंभर किलोमीटर दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात १०५ गेलेले असता. कागदावर अ‍ॅव्हरेज ५ टक्के पडलं, खऱ्यात तेवढं पडलंच नाही! फोनच्या जीपीएसवर एकदा लांबचं अंतर ताडून बघा. रिमॅपनंतर एमआयडीचा आकडाही कधी कधी भरवशाचा राहत नाही, तेव्हा परत टाकी फुलवालीच पद्धत.

हवा मात्र दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, हवा योग्य असल्याने वाढतं. आणि तो महागडा कॉटनचा एअर फिल्टर आवाजासाठी घ्या, हरकत नाही. आजच्या फ्यूएल इंजेक्शन इंजिनात एअर फिल्टरने पिकअपमध्ये फरक पडतो, अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा नाही.

आता खरंच काही बिघडलंय का बघू

वरचं सगळं तपासलं, तीन-चार टाक्या नीट मोजल्या, रूट तोच, सीझन तोच, आणि तरी १५-२० टक्के कमीच येतंय. आता शोधा, आणि स्वस्तापासून सुरुवात करा.

सपाट मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलला हळू सोडून बघा, लवकर थांबते का. वीस-तीस किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा, उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या, रिमला हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, अडकतोय. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार होतं, आणि स्पोर्ट्स कार पावसाळ्यात उभ्याच असतात.

मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र, साधा ब्लूटूथवाला हजार-दीड हजारात मिळतो. त्यात दोन गोष्टी बघा. एक, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं टेम्परेचर. बहुतेक गाड्यांमध्ये गरम झाल्यावर ते ९० अंशांच्या आसपास टिकतं, हायवेला ७०-७५ वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची झडप, उघडी अडकलीय, इंजिनाला वाटतं मी अजून गारच आहे आणि ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. दोन, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते. प्लस-मायनस पाचच्या आत असेल तर छान. प्लस दहाच्या पुढे सतत राहत असेल तर कुठेतरी न मोजलेली हवा आत जातेय, किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय, किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. बरेच मायनस असेल तर पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर गळणं, ऑक्सिजन सेन्सर म्हातारा होणं असले प्रकार. स्पार्क प्लग मागच्या वेळी कधी बदलले ते बिलात बघा, टर्बो गाडीत ते साध्या गाडीपेक्षा लवकर जातात.

सर्व्हिस सेंटरला जाताना नुसतं "अ‍ॅव्हरेज कमी देतेय" म्हणू नका, त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "सर, चालवण्यावर असतं", आणि इंजेक्टर क्लीनिंगचं पॅकेज बिलात येतं. त्याऐवजी चार टाक्यांचे किलोमीटर-लिटर, फ्यूएल ट्रिमचा आणि टेम्परेचरचा स्क्रीनशॉट, कुठलं चाक गरम होतं, हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि गाडी सोडायच्या आधी अ‍ॅडव्हायझरची सही घ्या.