परक्या प्रदेशात रुजणारी गोचीड: या चुका टाळा

तापमान वाढलं म्हणून गोचीड पसरली, हे निदान बहुतेक वेळा अर्धवटच असतं. नव्या ठिकाणी तिला पोहोचवतात जनावरांची ने-आण आणि स्थलांतर करणारे पक्षी. पुढे ती तिथे टिकते का, हे तिच्या जीवनचक्रावर आणि जमिनीलगतच्या ओलाव्यावर ठरतं.

‘एकच तर सापडली’ म्हणून सोडून देणं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पूर्व आशियातल्या हीमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस या गोचिडीच्या काही वाणांत मादीला नर लागतच नाही. रक्त पिऊन फुगलेली एक मादी कुरणात गळून पडली, की २००० पर्यंत अंडी घालते आणि तिथेच नवी पैदास सुरू होते. अमेरिकेत ती २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मेंढीवर आढळली. नंतर जुने नमुने तपासले, तेव्हा २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हरणावरून काढलेली गोचीडही तीच निघाली. मधल्या सात वर्षांत तिला रान मोकळं होतं.

म्हणून अनोळखी गोचीड चिरडू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तोंडाचा भाग तुटला तर जात ओळखणं अवघड जातं. ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. तारीख, ठिकाण आणि जनावर कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आतच टाका, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळू शकते.

फक्त फुगलेल्या गोचिडी शोधणं. सहा पायांची अळी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटरची असते. कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, कासेजवळ आणि जांघेत बोटं फिरवून पाहा, भिंग वापरा.

एकदा फवारून जनावर कळपात सोडणं. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गुरांवरची गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते, साधारण तीन आठवडे. त्यामुळे विकलेल्या गुराबरोबर ती सुखरूप प्रवास करते. आफ्रिकेत बऱ्याच भागांत तिने स्थानिक डेकोलोरॅटस जातीला मागे सारलं आहे. नवं जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधा आणि पुन्हा तपासा. औषधाची मात्रा वजन अंदाजाने धरून कमी देऊ नका: अर्धवट मात्रेतून वाचतात त्या औषधाला दाद न देणाऱ्या गोचिडी, आणि पुढची पिढी त्यांचीच असते. लाँगिकॉर्निसचं गणित मात्र वेगळं. तिला रक्तासाठी एकामागून एक तीन यजमान, म्हणजे वेगवेगळी जनावरं, लागतात आणि बहुतेक आयुष्य ती गवतातच काढते, त्यामुळे नुसतं जनावर फवारून कुरण साफ होत नाही.