जनुकीय संकेताचा तक्ता स्वतः आखून कसा वाचावा

आरएनएमधील कोणत्या तीन अक्षरांतून प्रथिनाचे कोणते अमिनो आम्ल मिळते हे जनुकीय संकेत सांगतो. त्याचा चौसष्ट खणांचा तक्ता बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरता पाहतात आणि विसरून जातात. तोच तक्ता स्वतः आखून रंगवला, तर त्याची मांडणी वाटेल तशी झालेली नाही हे आपोआप दिसू लागते. त्यासाठी एक मोठा कागद, चार रंगीत पेन्सिली आणि तासाभराची सवड पुरते.

प्रथम चार आडव्या ओळी आणि चार उभे स्तंभ आखावेत. ओळ कोडॉनचे (तीन अक्षरांच्या गटाचे) पहिले अक्षर दाखवते, स्तंभ दुसरे अक्षर दाखवतो आणि प्रत्येक चौकटीत तिसऱ्या अक्षराचे चार खण येतात. आरएनएच्या चार अक्षरांचा क्रम सर्वत्र यू, सी, ए, जी असाच ठेवावा. आता अमिनो आम्लांची नावे भरावीत. १९६१ मध्ये मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केवळ यू या अक्षराची आरएनए-साखळी पेशीरहित द्रावात घातली, तेव्हा फेनिलअॅलनिनची साखळी तयार झाली आणि यू-यू-यू हा पहिला खण भरला गेला. पुढे हरगोविंद खुराना यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या पुनरावृत्त साखळ्यांचीही मोठी मदत झाली आणि १९६६ पर्यंत तक्ता पूर्ण झाला. एकूण ६१ खण वीस अमिनो आम्लांचे आणि तीन (यू-ए-ए, यू-ए-जी, यू-जी-ए) थांबण्याचे, म्हणजे प्रथिनाची साखळी संपवणारे, आहेत. ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिन यांना प्रत्येकी सहा खण मिळतात, तर मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकच.

रंग भरण्याआधी तिसरे अक्षर झाकून पाहावे. सोळापैकी आठ चौकटींत ते कोणतेही असले तरी अमिनो आम्ल बदलत नाही. उरलेल्या आठांतही यू आणि सी यांचा अर्थ नेहमी एकच असतो. ए आणि जी यांची फारकत फक्त मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांच्या चौकटींत होते. तिसऱ्या जागी टी-आरएनएची (कोडॉन ओळखून त्याचे अमिनो आम्ल आणणाऱ्या रेणूची) जोडणी सैल असते, त्यामुळे एकच टी-आरएनए एकाहून अधिक कोडॉन ओळखू शकतो, असे स्पष्टीकरण फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ मध्ये दिले.

आता जलविरोधी अमिनो आम्लांना एक रंग आणि जलस्नेही आम्लांना दुसरा रंग द्यावा. दुसरे अक्षर यू असलेला स्तंभ (फेनिलअॅलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन, व्हॅलिन) संपूर्ण एका रंगाचा होतो, तर ए चा स्तंभ, थांबण्याचे दोन खण वगळता, बहुतांशी दुसऱ्या रंगाचा होतो. जी च्या स्तंभात मात्र सरमिसळ आहे. तिथे नियम शोधण्यात वेळ घालवू नये.

या मांडणीचा परिणाम एका कोडॉनवर तपासावा. ल्युसिनचा सी-यू-यू घेऊन त्याचे एकेका अक्षराचे सर्व नऊ बदल लिहावेत. तिसरे अक्षर बदलले तर तिन्ही वेळा ल्युसिनच राहते. पहिले बदलले तर फेनिलअॅलनिन, आयसोल्युसिन किंवा व्हॅलिन येते, म्हणजे स्वभाव जलविरोधीच राहतो. दुसरे बदलले तर प्रोलिन, हिस्टिडिन किंवा आर्जिनिन येते आणि गोष्ट बिघडू शकते. दात्र पेशी रक्तक्षयात (सिकल सेल आजारात) नेमके हेच घडते: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत जी-ए-जी चा जी-यू-जी होतो आणि जलस्नेही ग्लुटामिक आम्लाच्या जागी जलविरोधी व्हॅलिन येते. स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी १९९८ मध्ये संगणकावर दहा लाख यादृच्छिक संकेत रचून प्रमाण संकेताशी त्यांची तुलना केली. चुकांचे परिणाम सौम्य करण्यात त्यांपैकी केवळ एक संकेत त्याच्याहून सरस ठरला. माझ्या मते या तक्त्याबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तीच घाईत उरकतात.

शेवटी पहिले अक्षर जी असलेली ओळ अधोरेखित करावी. तिच्यात व्हॅलिन, अॅलनिन, अॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ग्लायसिन आहेत, आणि आदिम वातावरणाची नक्कल करणाऱ्या प्रयोगांत ही आम्ले जीवाविना तयार होताना आढळली आहेत. त्यावरून आरंभीचा संकेत याच मोजक्या आम्लांचा असावा आणि पेशी नवी आम्ले बनवू लागल्यावर जुन्या आम्लांचे काही कोडॉन त्यांना मिळाले असावेत, असा तर्क करतात. तो आकर्षक असला तरी तर्कच आहे. एकदा रूढ झालेला संकेत बदलणे घातक ठरते म्हणून तो गोठून राहिला, हे क्रिक यांचे १९६८ मधील मत त्याच्याशी विसंगत नाही.

गोठलेल्या तक्त्यालाही अपवाद आहेत, म्हणून समासात थोडी जागा सोडावी. मानवी तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) यू-जी-ए म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि ए-यू-ए म्हणजे मेथिओनिन, हे १९७९ मध्ये उघड झाले. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीत सी-यू-जी चा अर्थ मुख्यतः सेरिन असा होतो. त्यामुळे संगणकावर एखाद्या जनुकाचे प्रथिनात भाषांतर करताना योग्य तक्ता निवडणे आवश्यक असते: जनुकसंग्रहांत प्रमाण संकेताचा क्रमांक १ आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या तंतुकणिकांचा क्रमांक २ आहे. मानवी तंतुकणिकेचे जनुक चुकून पहिल्या तक्त्याने वाचले, तर पहिला यू-जी-ए येताच प्रथिन अर्ध्यावर तुटलेले दिसेल.