पुस्तक वाचून झाल्यावरचे प्रकल्प: या चुका टाळा

वाचन प्रेरणा दिन, म्हणजे १५ ऑक्टोबर, जवळ आला की ठाण्यात स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची धावपळ सुरू होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सुबक कौलारू घर येतं. "हे घर पुस्तकात कुठे भेटलं?" असं विचारलं की मूल खाली मान घालतं. मी सातवीला मराठी शिकवते. माझ्याच वर्गात हे बरीच वर्षं चाललं, कारण प्रकल्प मी घरी पाठवत होते. घरी गेलेला प्रकल्प रात्री अकराला आई पूर्ण करते. आता दोन तासिका वर्गातच देते, कागद-पेन्सिलीवर. सजावटीला गुण नाहीत. थर्माकोल तर नकोच. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे आधी प्रकल्प ठरवून पुस्तक त्यात कोंबणं. नवं मुखपृष्ठ, पात्रपरिचय, आवडलेला प्रसंग: हे कुठल्याही पुस्तकाला चालतं, म्हणूनच न वाचताही जमतं. काम पुस्तकाच्या घडणीतून निघायला हवं. 'श्यामची आई'मध्ये श्याम आश्रमातल्या सोबत्यांना ४२ रात्री आठवणी सांगतो. मग दोघादोघांना एकेक रात्र वाटून द्या. ती गोष्ट ऐकून उठलेल्या एखाद्या सोबत्याने झोपण्याआधी वहीत काय लिहिलं असेल, ते लिहायचं. अट एकच: प्रसंगाचा उल्लेख आला की समासात पान क्रमांक हवा. तो आठवत नसेल तर पुस्तक पुन्हा उघडावंच लागतं, आणि मला हवं असतं ते तिथे घडतं.

नाट्यीकरण हमखास फसतं. चार बोलकी मुलं संवाद घेतात, उरलेली झाडं होऊन उभी राहतात. त्याऐवजी एकाला पात्र म्हणून खुर्चीत बसवा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, पाच मिनिटांनी खुर्ची बदलायची. लाजऱ्या मुलांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या.

अडलेल्या शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देण्याची घाई करू नका. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना ओटी, पडवी, माजघर कुठून माहीत असणार? मी त्यांना आजीकडे पाठवलं. एकाने गावच्या आजीला फोन लावून घराचा आराखडा काढून आणला. मग आई नेमकी कुठे उभी राहून श्यामला रागावली असेल, यावर सगळा वर्ग भांडला आणि मधल्या सुट्टीतही पुस्तकं मिटली नाहीत.