बसस्थानकावरची हाणामारी: गुन्हा कधी, एनसी कधी?

समजा, परभणीच्या बसस्थानकावर गंगाखेडच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोघांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या कानशिलात लगावली. दोघेही तावातावाने पोलीस ठाणे गाठतात. जागा कोणाची होती यात ठाणे अंमलदाराला फारसा रस नसतो. मार कशाने आणि कुठे लागला, हे तो आधी विचारतो, कारण कलम त्यावरूनच ठरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५(२) लागते. शिक्षा एक वर्षापर्यंत असली, तरी हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणून पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते, पण इथे कायद्यानेच पोलिसांचे हात बांधलेले आहेत. दोघेही भर चौकात एकमेकांना भिडले आणि सार्वजनिक शांतता बिघडली, तर मात्र कलम १९४ लागते. ते दखलपात्र आहे, म्हणजे तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत नाही; शिक्षा फार तर एक महिना कैद किंवा १,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

हाड मोडले, दात पडला किंवा जखमी माणूस पंधरा दिवस (पूर्वी वीस) तीव्र वेदनेत राहिला, तर दुखापत गंभीर ठरते आणि कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कत्ती, कोयता यांसारख्या हत्याराने केलेली जखम साधी असली, तरी कलम ११८(१) लागते आणि ते अजामीनपात्र आहे. एकाच घटनेत एक कलम दखलपात्र असले, की बाकीच्या अदखलपात्र कलमांचाही तपास सोबतच होतो.

म्हणून पोलिसांकडून मेडिकल यादी (वैद्यकीय तपासणीसाठी रुग्णालयाला दिलेले पत्र) घेऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. मार कशाने बसला हे डॉक्टरांना नेमके सांगावे, हलणारा दात दाखवावा आणि सूज असेल तर एक्स-रेची विनंती करावी. सकाळी एनसी झालेल्या प्रकरणात संध्याकाळी एक्स-रेत मनगटाचे हाड मोडलेले दिसले, तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

जबाब सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा. कोणी, कशाने, कुठे मारले, एवढेच त्यात असावे. आपल्याकडे समोरच्याच्या अख्ख्या भावकीची नावे घालण्याची हौस दांडगी आहे. त्यातला एक जण त्या वेळी भलत्याच गावी असल्याचे सीसीटीव्हीत किंवा मोबाइलच्या नोंदींत निघाले, की खरी फिर्यादही लंगडी पडते. समोरच्यानेही फिर्याद दिली असेल, तर दोन्ही प्रकरणे नोंदवली जातात. आधी हात कोणी उचलला आणि बचावासाठी केलेला मार बचावापुरताच होता का, हे मग साक्षीदारांकडून तपासले जाते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-अटकेची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. भांडण पुन्हा पेटेल असे वाटले, तर गुन्हा असो वा नसो, शांततेच्या बंधपत्रासाठी याच संहितेच्या कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाई होते. ग्रामीण भागात याला अजून ‘चाप्टर केस’च म्हणतात.

दखलपात्र गुन्हा असूनही तो नोंदवून घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे (छत्रपती संभाजीनगर शहरात आयुक्तालयाकडे), आणि तरीही हालचाल झाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली आहे.

तपासाअंती पुरावा पुरेसा असेल तर दोषारोपपत्र जाते, नसेल तर अ, ब किंवा क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल. त्यातली ‘ब’ म्हणजे फिर्याद खोडसाळपणे खोटी असल्याचा अहवाल. मधल्या काळात गावातल्या जाणत्यांनी समेट घडवला, म्हणून ठाण्यात जाऊन ‘फिर्याद मागे घेतो’ म्हटल्याने दाखल गुन्हा संपत नाही. साध्या दुखापतीत जखमी व्यक्तीला न्यायालयापुढे तडजोड करता येते. गंभीर दुखापतीत त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.